भिंतीवरचा इतिहास

आपल्यापैकी फार थोड्या भगिनींनी बखर उघडून पाहिली असेल. पण कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेचे चित्र न पाहिलेली भगिनी विरळाच. भरलेला दरबार, मान खाली घातलेली ती तरुण स्त्री, आणि तिला साडीचोळी देऊन सन्मानाने परत पाठविणारे शिवाजी महाराज! माझ्या आजोळी हे चित्र माजघरात होते. आम्हा मुलांना इतिहास प्रथम भेटला तो तिथेच.

पूर्वी असे प्रसंग कीर्तनकार व शाहीर सांगत. ऐकणारा ते ज्याच्या त्याच्या मनात रंगवी. छापील चित्रांनी सर्वांना एकच देखावा दिला. पुण्यात 1878 साली चित्रशाळा निघाली, 1894 साली राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला, आणि रंगीत चित्रे सामान्यांच्या घरी पोचली. 1895 पासून लोकमान्यांनी शिवस्मारकाची चळवळ हाती घेतली. ज्यांचा उत्सव करायचा त्यांची मूर्तीही मग घरोघर हवीशी झाली. चित्राचा हा पगडा मोठा असतो. एका भलत्याच सरदाराचे चित्र महाराजांचे म्हणून छापले जात असे. 1933 साली इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी अस्सल चित्र उजेडात आणले, तेव्हा कुठे ती चूक सुटली.

मग सुभेदाराच्या सुनेचे काय? महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली ती 1657 साली. त्या काळच्या कागदपत्रांत हा प्रसंग सापडत नाही. तो मागाहूनच्या बखरींतून व आख्यायिकांतून आला. अनेक चित्रांत महाराज छत्रसिंहासनावर दिसतात. राज्याभिषेक तर 1674 चा! तरी चित्र खोटे म्हणून उतरवून ठेवावे, असे मी म्हणणार नाही. खाफीखान हा महाराजांचा कडवा टीकाकार. पण स्त्रियांना, मशिदींना व कुराणाला उपद्रव होऊ नये अशी त्यांची सक्त ताकीद असे, हे त्यानेही लिहून ठेवले आहे. प्रसंगाला पुरावा नसेल, स्वभावाला आहे.

मला खंत वाटते ती निराळीच. त्या चित्रात आपली भिवंडी कुठेच नाही. 1659 च्या पोर्तुगीज पत्रव्यवहारात महाराज भिवंडी, कल्याण व पनवेल येथे लढाऊ गलबते बांधीत असल्याची नोंद आहे. स्वराज्याच्या आरमाराचा प्रारंभ आपल्या खाडीकाठी झाला. पण त्याचे चित्र भिंतीवर लागले नाही, म्हणून तो आपल्या स्मरणातही राहिला नाही. त्या सुनेला तरी नाव कुठे आहे? साऱ्या चित्रात तिची ओळख सासऱ्यावरून!

आणि भिवंडीकरांना आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. 7 मे 1970 रोजी याच गावात शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल उसळली, माणसे मेली, घरे व माग जळाले. ज्या राजाचे चित्र परधर्मीय स्त्रीची अब्रू राखणारे म्हणून आपण पूजतो, त्याच्याच उत्सवात शेजारणी शेजारणींना भ्याल्या. चित्र पाहिले, अर्थ घरात आला नाही, असेच म्हणावे लागेल.

म्हणून वर्धापनदिनी माझी एक सूचना आहे. प्रत्येकीने घरातील जुने चित्र घेऊन यावे. ते कोणी, कधी छापले, कोणी आणले, हे मागे लिहून ठेवावे. मोहल्ल्यातील भगिनींनाही बोलवावे. एकमेकींच्या भिंती पाहिल्या, तर गावाचा इतिहास थोडा अधिक पुरा होईल.