शिस्तीच्या तक्त्यापासून पुराव्याच्या नोंदीपर्यंत

'पुराव्यावर आधारित परिचर्या' ही संज्ञा १९९० नंतरच्या दशकात रूढ झाली. तिच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र जुना आहे. परिचारिकेने केलेली नोंद ज्ञान मानायची, की आज्ञापालनाचा दाखला? परिचर्येच्या लेखनप्रकारांतून या प्रश्नाचा मागोवा घेता येतो.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 'नोट्स ऑन नर्सिंग'मध्ये रुग्णनिरीक्षणाला स्वतंत्र प्रकरण दिले. शय्याव्रण हा बहुधा रोगाचा नव्हे, तर परिचर्येचा दोष होय, असे त्यांचे मत होते. १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाची शाळा सुरू झाली. तेथे प्रत्येक उमेदवार परिचारिकेविषयी दरमहा एक तक्ता भरला जाई. त्यात वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा हे गुण आणि मलमपट्टी, रुग्णनिरीक्षण ही कौशल्ये एकाच पानावर नोंदली जात. उमेदवारांना रोजनिशीही लिहावी लागे. तक्त्यात परिचारिका ही वर्ण्यविषय होती, तर रोजनिशीत लेखिका. परंतु ती रोजनिशीही वरिष्ठांच्या तपासणीतून सुटत नसे.

पुढे शतकभर ज्ञानाचे हस्तांतरण मुख्यतः अनुकरणातून झाले. शय्याव्रण टाळण्यासाठी त्वचेवर साबण किंवा स्पिरिट चोळण्याची प्रथा पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. १९६२ साली डोरीन नॉर्टन, रोडा मॅक्लॅरेन आणि ए. एन. एक्स्टन-स्मिथ यांनी रुग्णालयातील वृद्ध रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लेपनापेक्षा रुग्णाची कूस नियमितपणे बदलून दाब हलका करणे महत्त्वाचे, असे त्यातून पुढे आले. शारीरिक अवस्था, मानसिक अवस्था, हिंडणे-फिरणे, अंगाची हालचाल आणि मलमूत्रावरील नियंत्रण या पाच बाबींना प्रत्येकी १ ते ४ गुण देण्याची नॉर्टन यांची श्रेणीही याच संशोधनातून आली. एकूण १४ किंवा त्याहून कमी गुण हा धोक्याचा इशारा मानला गेला. येथे तक्त्याची दिशाच उलटली: पूर्वी तक्ता परिचारिकेला जोखत असे; आता परिचारिका तक्त्याच्या आधारे धोका जोखू लागली.

१९७२ साली ब्रिटनमधील ब्रिग्ज समितीने परिचर्या हा संशोधनाधिष्ठित व्यवसाय व्हावा, अशी भूमिका मांडली. १९९६ साली डेव्हिड सॅकेट आणि सहकाऱ्यांनी पुराव्यावर आधारित वैद्यकाची जी व्याख्या केली, तीत संशोधनासोबत उपचारकाचा अनुभव आणि रुग्णाची पसंती यांनाही स्थान होते. म्हणजे ज्येष्ठ परिचारिकेचा अनुभव येथे बाद होत नाही. तो निर्णायक न राहता साक्षीदार ठरतो. त्यामुळे मार्गदर्शक परिचारिकेचे काम कठीण होते. तिला हाताचे कसब शिकवायचे असते आणि 'असे का?' हा प्रश्न विचारण्याची मोकळीकही द्यायची असते. तो प्रश्न दडपला गेला, तर त्याची किंमत अंथरुणाला खिळलेला रुग्ण मोजतो.

मराठीतील 'पुरावा' हा शब्द न्यायालयाची आठवण देतो. 'परिचर्या' या शब्दाच्या मुळाशी सभोवार वावरणे आहे. या दोहोंचा मेळ घालणे, हेच या शिक्षणाचे मर्म होय. खुद्द नॉर्टन-श्रेणीच्या अचूकतेचीही पुढे चिकित्सा झाली. प्रश्नातून जन्मलेल्या नोंदीला प्रश्न विचारला जाणे, हेच त्या परंपरेचे खरे सातत्य म्हणावे लागते.