एम. टी. वासुदेवन नायर यांची चित्रपट कारकीर्द : मलबारच्या सामाजिक इतिहासाचे एक साधन

प्रस्तावना :

इतिहासलेखनात दप्तरे, शिलालेख व पत्रव्यवहार यांना जे स्थान आहे, ते चित्रपटाला अद्याप पूर्णपणे मिळालेले नाही. त्यातही पटकथाकार हा घटक बहुधा उपेक्षितच राहतो. चित्रपट दिग्दर्शकाच्या किंवा नटाच्या नावाने ओळखला जातो. मल्याळम चित्रपटसृष्टीत मात्र एम. टी. वासुदेवन नायर (१९३३-२०२४) यांनी पटकथेला स्वतंत्र साहित्यप्रकाराची प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यांनी पन्नासहून अधिक पटकथा लिहिल्या व काही मोजके चित्रपट स्वतः दिग्दर्शित केले. केरळमधील एका समाजव्यवस्थेच्या विघटनाचा इतिहास या लेखनातून कसा साकार होतो, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

उद्दिष्टे :

१. वासुदेवन नायर यांच्या चित्रपट कारकिर्दीचे टप्पे स्पष्ट करणे.
२. त्यांच्या पटकथा व मलबारमधील सामाजिक परिवर्तन यांतील संबंध तपासणे.
३. या चित्रणाच्या मर्यादा लक्षात घेणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

वासुदेवन नायर यांचा जन्म १५ जुलै १९३३ रोजी भारतप्पुळा नदीकाठच्या कूडल्लूर या गावी झाला. हा भाग त्या वेळी मद्रास इलाख्यातील मलबार जिल्ह्यात होता. नायर समाजात मातृवंशीय कुटुंबपद्धती, म्हणजेच मरुमक्कत्तायम, रूढ होती. वारसा आईकडून चाले, एकत्र कुटुंबाला 'तरवाड' म्हणत आणि त्याचा कारभार ज्येष्ठ मामाच्या हाती असे. १९३३ च्याच मद्रास मरुमक्कत्तायम कायद्याने कुटुंबीयांना वाटणी मागण्याचा हक्क दिला. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी केरळ राज्य स्थापन झाले, १ जानेवारी १९७० पासून जमीन सुधारणा प्रत्यक्ष अमलात आल्या आणि १९७५ च्या कायद्याने एकत्र हिंदू कुटुंबपद्धतीच रद्द केली. म्हणजे ज्या वर्षी हा लेखक जन्मला, त्याच वर्षी त्याच्या भावी विषयाच्या विघटनास कायद्याची मान्यता मिळाली होती.

पालक्काड येथील व्हिक्टोरिया महाविद्यालयातून रसायनशास्त्राची पदवी घेतल्यानंतर ते कोळिकोड येथे 'मातृभूमी' साप्ताहिकाच्या संपादन विभागात दाखल झाले व पुढे त्याचे संपादक झाले. 'नालुकेट्टु' (१९५८) या कादंबरीने त्यांना कीर्ती मिळाली. नालुकेट्टु म्हणजे मधल्या चौकाभोवती चार बाजूंनी बांधलेले घर, आपल्याकडील चौसोपी वाड्याशी नाते सांगणारे.

पटकथालेखनाचा आरंभ :

ए. व्हिन्सेंट दिग्दर्शित 'मुरप्पेण्णु' (१९६५) हा त्यांच्या पटकथेवरील पहिला चित्रपट होय. 'मुरप्पेण्णु' म्हणजे जिच्याशी विवाहाचा परंपरेने हक्क मानला जातो अशी मामाची मुलगी. ही प्रथा महाराष्ट्रातही अपरिचित नाही. या चित्रपटाने नदीकाठचा प्रदेश व तेथील बोली पडद्यावर आणली. पी. भास्करन यांच्या 'इरुट्टिन्टे आत्मावु' (१९६७) मध्ये मतिमंद समजून साखळदंडाने बांधल्या जाणाऱ्या वेलायुधनची कथा आहे. तरवाडाची भव्यता बाहेरून कितीही दिसली, तरी दुर्बलाला तेथे आश्रय नव्हता, हे त्यातून दिसून येते. पी. एन. मेनन यांच्या 'ओळवुम तीरवुम' (१९७०) मध्ये लेखक मापिळा मुस्लिम समाजाकडे वळला. हा चित्रपट प्रामुख्याने स्टुडिओबाहेर चित्रित झाल्यामुळे मल्याळम चित्रपटाच्या इतिहासात महत्त्वाचा मानला जातो.

'निर्माल्यम्' : दिग्दर्शक म्हणून पदार्पण :

१९७३ मध्ये वासुदेवन नायर यांनी स्वतःच्याच कथेवरून 'निर्माल्यम्' दिग्दर्शित केला. 'निर्माल्य' हा शब्द मराठी वाचकाला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. देवाला वाहून झालेली, आता उतरवून टाकायची फुले, हेच या चित्रपटाचे सूत्र आहे. देवीचा संचार अंगात येऊन कौल देणारा वेलिच्चप्पाडु हा त्याचा नायक. गावातील मंदिर ओस पडत चालले आहे आणि त्यावर पोट असलेले कुटुंब उपासमारीच्या उंबरठ्यावर आहे. मुलगा देवीची तलवार मोडीत विकायला निघतो. देवीची साथ पसरताच घाबरलेले गावकरी उत्सवाची तयारी करतात. त्याच दिवशी, घर चालवण्यासाठी पत्नीने सावकारी करणाऱ्या दुकानदाराशी संबंध ठेवल्याचे त्याला कळते. अखेर तो तलवारीने आपले कपाळ फोडून घेतो, देवीच्या मूर्तीवर थुंकतो व कोसळतो.

या शेवटाकडे केवळ नास्तिकतेचा उद्गार म्हणून पाहणे अपुरे ठरेल. थुंकणारा माणूस देवीचा सर्वांत निष्ठावान सेवक आहे. ज्या व्यवस्थेने त्याच्याकडून सेवा घेतली, तिने त्याच्या पोटाची जबाबदारी मात्र सोडून दिली होती. श्रद्धेचे अर्थशास्त्र कोसळल्यावर श्रद्धाळूचे काय होते, हा चित्रपटाचा खरा प्रश्न आहे. या चित्रपटास सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा, तर पी. जे. अँटनी यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यानंतर 'बंधनम्' (१९७८), 'मंजु' (१९८३), 'कडवु' (१९९१) व 'ओरु चेरु पुंचिरि' (२०००) हे चित्रपट त्यांनी दिग्दर्शित केले.

इतिहास व दंतकथांचे पुनर्वाचन :

हरिहरन दिग्दर्शित 'ओरु वडक्कन वीरगाथा' (१९८९) ही त्यांची बहुचर्चित पटकथा. उत्तर मलबारच्या पोवाडासदृश लोकगीतांत चंदू हा विश्वासघातकी ठरला आहे. पटकथेत तोच चंदू अन्यायाचा बळी म्हणून उभा राहतो. 'रंडामूळम्' (१९८४) या कादंबरीत भीमाच्या दृष्टीने महाभारत सांगताना त्यांनी हीच पद्धत वापरली होती. इरावती कर्वे यांच्या 'युगान्त'शी परिचित असलेल्या मराठी वाचकाला या दृष्टीचे मोल सहज कळेल. 'परिणयम्' (१९९४) मध्ये नंपूतिरी ब्राह्मणांतील तरुण विधवेवर चालवलेल्या 'स्मार्तविचार' या जातीय चौकशीचे चित्रण आहे. 'केरळ वर्मा पळश्शिराजा' (२००९) मध्ये ईस्ट इंडिया कंपनीविरुद्धचा लढा येतो. 'वीरगाथा', 'कडवु', 'सदयम्' (१९९२) व 'परिणयम्' या चार पटकथांना राष्ट्रीय पुरस्कार लाभले.

मर्यादा :

हे चित्रण एका विशिष्ट स्थानावरून झालेले आहे. पडक्या नालुकेट्टुचे दुःख जेवढ्या तपशिलाने येते, तेवढ्या तपशिलाने त्या घराची शेते कसणाऱ्या मजुराचे जीवन येत नाही. जमीन सुधारणा कुळांसाठी मुक्तीचा मार्ग होत्या, ही बाजू या पटकथांत दुय्यम राहते. म्हणून इतिहासाचे साधन म्हणून त्यांचा उपयोग करताना अन्य साधनांची जोड आवश्यक ठरते.

समारोप :

वासुदेवन नायर यांना १९९५ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. २५ डिसेंबर २०२४ रोजी कोळिकोड येथे त्यांचे निधन झाले व २०२५ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला. कायद्याचा दस्तऐवज कुटुंबपद्धती कधी संपली हे सांगतो, परंतु ती संपताना माणसे कशी जगली हे सांगत नाही. ती उणीव या पटकथांनी भरून काढली आहे. जुन्या व्यवस्थेचा गौरव वा धिक्कार एवढ्यावरच न थांबता, तिच्यात अडकलेल्या माणसाची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न त्यांनी विचारला. प्रादेशिक चित्रपटांच्या पटकथांचे जतन व अभ्यास होणे सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने किती अगत्याचे आहे, हे या कारकिर्दीवरून स्पष्ट होते.