देवळालीच्या गुरुजींची संख्या

सहा हजार एकशे चौऱ्याहत्तर. ही संख्या अक्षरी लिहा म्हटले की महाराष्ट्राबाहेर वाढणारी आमची मुले ‘चौऱ्याहत्तर’पाशी हमखास अडखळतात. तिचे गुपित जगासमोर मांडणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर मात्र कोणी विद्यापीठीय पंडित नव्हते. आमच्यासारखेच शाळामास्तर होते.

त्यांचा जन्म १९०५ साली डहाणूस झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. पदवीनंतरचे शिक्षण मात्र घडले नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी देवळालीस अध्यापन केले.

१९४६ साली त्यांना जे गवसले ते चौथीतल्या मुलालाही करून पाहता येते. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडावेत व त्यांतून चढत्या क्रमाची मांडणी वजा करावी. उत्तरावर पुन्हा तीच क्रिया करावी. (उत्तर तीन अंकी आले तर आधी शून्य लिहावे, येथेच मुले चुकतात.) कापरेकरांचे जन्मसालच घेऊ. ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. पुढे क्रमाने ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि अखेर ६१७४. तेथून मात्र सुटका नाही, कारण ७६४१ वजा १४६७ पुन्हा ६१७४ च. सातांहून अधिक वजाबाक्या कधीच लागत नाहीत; त्यांच्या जन्मसालाला नेमक्या सात लागल्या.

मी हे आठवीच्या वर्गात फळ्यावर करून दाखवले, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “पण बाई, असे का होते?” मला उत्तर देता आले नाही. इतकी वर्षे मी ती ‘गंमत’ म्हणूनच सांगत आले होते, याची त्या दिवशी लाज वाटली.

रात्री अक्षरे घेऊन बसले तेव्हा उलगडा झाला. पहिल्या वजाबाकीचे उत्तर दोनच गोष्टींवर ठरते: सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील फरकाची ९९९ पट, अधिक मधल्या दोन अंकांतील फरकाची ९० पट. अशी उत्तरे केवळ ५४ संभवतात. नऊ हजार संख्यांचा पसारा एका वजाबाकीत चोपन्नांवर येतो, आणि चोपन्न वाटा तर वर्गातली मुले दोन तासांत तपासू शकतात. त्यांनी त्या तपासल्याही. दोन अंकी संख्यांत हे साधत नाही, हेही त्यांनीच शोधले. तेथे ९, ८१, ६३, २७, ४५ असे चक्र फिरत राहते.

६१७४ च्या अंकांची बेरीज १८, आणि १८ ने तिला भागले तर येतात ३४३, म्हणजे सातांचा घन. अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जाणाऱ्या अशा संख्यांना ‘हर्षद’ हे नावही कापरेकरांनीच दिले.

मद्रासच्या गणित परिषदेत १९४९ साली त्यांनी हा शोध मांडला; पुढे तो ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’त छापून आला. तरी अनेकांच्या लेखी तो आकड्यांचा खेळच होता. कित्येक पुस्तिका त्यांनी स्वतःच प्रसिद्ध केल्या. मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिले ते १९७५ साली, तोवर गुरुजींना निवृत्त होऊन तेरा वर्षे लोटली होती.

१९८६ मध्ये ते निवर्तले. त्या सालाचे अंकही आठवीच्या मुलांनी मांडून पाहिले. सहा वजाबाक्या लागल्या.