कपडे कोणाचे, दिवस कोणाचा? : निवासी संगोपनाच्या इतिहासातील एक प्रश्न

संस्थेचा इतिहास म्हटला की स्थापनेचे वर्ष, देणगीदारांची नावे, इमारत आणि लाभार्थींची संख्या एवढे आपल्यासमोर येते. त्या इमारतीत राहणाऱ्या माणसाचा एक दिवस कसा गेला, याची नोंद अशा इतिहासात क्वचितच असते. बौद्धिक दिव्यांग मुलांच्या बाबतीत हा प्रश्न ब्रिटनमधील काही अभ्यासकांनी विचारला, म्हणून त्यांच्या कार्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

१९५८ मध्ये मानसशास्त्रज्ञ जॅक टिझार्ड यांनी लंडनच्या फाउंटन रुग्णालयातील १६ मुले सरे परगण्यातील ब्रूकलँड्स या घरात हलवली. तुलनेसाठी तशीच १६ मुले रुग्णालयातच राहिली. ब्रूकलँड्सची मुले लहान गटांत, ओळखीच्या माणसांच्या सहवासात राहत आणि खेळत. दोन वर्षांनंतर त्यांच्या भाषिक विकासाची वाढ रुग्णालयातील मुलांच्या दुपटीहून अधिक भरली. मुलांचे निदान तेच होते. बदलले होते ते जगणे.

पुढे रॉय किंग, नॉर्मा रेन्स आणि टिझार्ड यांचा १६ संस्थांचा अभ्यास १९७१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यांनी विचारलेले प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतात. सुटीच्या दिवशीही मुले त्याच वेळी उठतात काय? त्यांचे कपडे स्वतःचे असतात काय? कर्मचारी मुलांसोबत जेवतात काय? वाढदिवस कसा साजरा होतो? या उत्तरांतून त्यांनी चार दोष पारखले : न बदलणारा दिनक्रम, सर्वांना एकाच घोळक्यात हाकणे, व्यक्तित्वाचा लोप आणि कर्मचारी व मुले यांच्यातील अंतर. निष्कर्ष मननीय होता. संस्थेचा आकार किंवा कर्मचाऱ्यांची संख्या यांवरून हा फरक उलगडत नव्हता. विभागप्रमुखाचे प्रशिक्षण कोणते आणि निर्णयाचे स्वातंत्र्य किती, यांवर बरेच अवलंबून होते.

याच सुमारास, १९६७ मध्ये, कार्डिफच्या ईली रुग्णालयातील गैरवर्तनाचे आरोप वृत्तपत्रातून पुढे आले आणि १९६९ मध्ये चौकशी अहवाल प्रसिद्ध झाला. त्यानंतर मोठी रुग्णालये क्रमाक्रमाने बंद होत गेली. प्रश्न सुटला असे वाटावे, तोच २०११ मध्ये ब्रिस्टलजवळील विंटरबोर्न व्ह्यू येथील मारहाण व छळ बीबीसीच्या छुप्या चित्रणातून उघड झाला. ही संस्था अवघ्या २४ खाटांची होती आणि एका व्यक्तीमागे आठवड्याला सरासरी ३५०० पौंड आकारले जात होते. लहान इमारत आणि भरपूर पैसा यांनी माणुसकीची हमी मिळत नाही, हे टिझार्ड यांच्या पिढीला कळलेले सत्य पुन्हा शिकावे लागले.

हा धडा परक्या भूमीतला म्हणून बाजूला सारता येत नाही. १९९४ मध्ये पुणे जिल्ह्यातील शिरूरच्या शासनमान्य संस्थेतील काही मुलींवर ससून रुग्णालयात गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. मासिक पाळीच्या काळातील स्वच्छता, हे त्यामागचे समर्थन होते. स्त्री-संघटनांनी निषेध केला आणि वाद देशभर गाजला. सांभाळणाऱ्यांची अडचण दूर व्हावी म्हणून राहणारीचे शरीर बदलायचे, हे संस्थाकेंद्री विचाराचे टोक होय.

भाषेचे अध्यापक म्हणून आम्हांस एक गोष्ट विशेष जाणवते. अशा संस्थांच्या अहवालांत मुलांना उठवले जाते, आंघोळ घातली जाते, जेवण दिले जाते. राहणारी व्यक्ती बहुतेक वाक्यांत कर्म असते, कर्ता क्वचित. विशिष्ट निवासव्यवस्थेतच राहण्याची सक्ती दिव्यांग व्यक्तीवर होऊ नये यासाठी शासनाने प्रयत्न करावा, असे भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने म्हटले आहे. म्हणजे कायद्याने तिला कर्तेपण दिले. ते रोजच्या दिवसात उतरले की नाही, हे पाहायचे असेल तर इमारतीकडे न पाहता तिने आज अंगावर घातलेला सदरा कोणी निवडला, एवढेच विचारावे.