लांघणजची हाडे आणि इरावतीबाई

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रीजिस नावाचे गाव आहे. तेथील ढासळत्या कड्यांतून मेरी ॲनिंग ही सुताराची मुलगी जीवाश्म काढीत असे. १८२३ साली तिला प्लेसिओसॉर या प्राचीन सागरी प्राण्याचा जवळजवळ अखंड सांगाडा मिळाला. तरीही लंडनच्या भूशास्त्र संस्थेची दारे स्त्रियांना बंदच राहिली. तिचे नाव आपल्या मुलांना ठाऊक होते, पण पुण्याहून जाऊन गुजरातच्या वाळूत प्राचीन माणसाची हाडे शोधणाऱ्या इरावती कर्वे म्हटल्या की आपल्याला फक्त 'युगान्त' आठवते.

बाईंचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात झाला. इरावती हे तिथल्या नदीचे नाव. १९२८ साली त्या बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्याकडे शिकायला गेल्या. युरोपियनांच्या कवटीची ठेवणच त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीची खूण आहे, हा समज त्यांना तपासायचा होता. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि निष्कर्ष लिहिला : कवटीच्या दोन बाजूंतील फरकाचा वंशाशी संबंध नाही. गुरूच्या दारात बसून गुरूचेच मत खोडायला जिगर लागते. याच फिशर यांच्या विचारांचा आधार पुढे नाझींच्या वंशकायद्यांना मिळाला.

१९३९ साली बाई डेक्कन कॉलेजात आल्या. ह. धी. सांकलिया हे पुरातत्त्वाचे अभ्यासक त्याच वर्षी तेथे रुजू झाले. मेहसाणा जिल्ह्यातील लांघणज येथे १९४४ पासून वाळूच्या टेकडीत या दोघांना पाय दुमडून पुरलेले मानवी सांगाडे मिळाले. सोबत गारगोटीची इवलीशी हत्यारे, समुद्रातल्या शिंपल्यांचे मणी आणि गेंड्याच्या खांद्याचे हाड होते. ते हाड ऐरणीसारखे वापरलेले होते. आज कोरड्या असलेल्या उत्तर गुजरातेत गेंडा फिरत होता, हे वर्गात सांगितले तर मुले डोळे विस्फारतात. एका मुलीने विचारले, "टीचर, हड्डी से जात मालूम होती है क्या?"

प्रश्न साधा नाही. कारण इथे खुद्द इरावतीबाईच वंशाच्या भाषेत बोलल्या. लांघणजच्या माणसांचे ईशान्य आफ्रिकेतील लोकांशी साम्य असावे, असे मत त्यांनी व सांकलियांनी मांडले. पुढेही महाराष्ट्रातल्या जातीजातींची डोकी त्या मोजीत राहिल्या. बर्लिनमध्ये ज्यांनी मोजपट्टीची मर्यादा दाखवली, त्यांनाच ती हातातून ठेववेना. मला यात ढोंग दिसत नाही. त्या काळात मानवशास्त्राचे शिक्षणच असे होते.

१९६५ साली लांघणजच्या सांगाड्यांवर डेक्कन कॉलेजचा स्वतंत्र ग्रंथ निघाला. त्यात एर्हार्ट व केनेडी या परदेशी अभ्यासकांनी ती हाडे पुन्हा तपासली. तोवर माणसांचे वंशांत कप्पे पाडण्याची पद्धतच जगभर मोडीत निघू लागली होती.