भूल उतरल्यावर

१३ ऑक्टोबर १८०४. जपानच्या की प्रांतातल्या हिरायामा गावात, वैद्य हानाओका सेइशू यांच्याकडे तुम्ही उभे आहात. समोर कान आइया नावाची साठीची बाई. तिच्या स्तनात गाठ आहे. बहिणी याच रोगानं गेल्या, तेव्हा ही गाठ कसली हे तिला कुणी सांगायला नको.

वाडग्यात काढा आहे. धोतरा, बचनाग आणि आणखी काही मुळ्या. महादेवाला आपण धोतरा वाहतो, पण पोरांना त्याच्या बोंडांना हात लावू देत नाही. तोच धोतरा ही बाई घोट घोट पिते आहे. मात्रा जुळवण्यात वैद्यांची कित्येक वर्षं गेली. आईनं आणि बायकोनं तो काढा स्वतःवर आजमावला, त्यात बायकोची दृष्टी गेली, असं सांगतात.

आता थांबायचं. भूल चढायला काही तास लागतात. आइयाच्या तोंडाला कोरड पडते, शब्द अडखळू लागतात. डोळ्यांतल्या बाहुल्या इतक्या मोठ्या होतात की ती तुमच्याकडेच बघते आहे असं वाटतं, पण तिला तुम्ही दिसत नसता. मग मान कलते. सुरी चालते आणि ती हूं की चूं करत नाही. नीट नोंद राहिलेली, संपूर्ण भुलेखालची ही जगातली पहिली कर्करोगाची शस्त्रक्रिया.

पाचेक महिन्यांत आइया वारली.

सात वर्षं पुढे, पॅरिस. इथे जास्त वेळ थांबवत नाही. लेखिका फॅनी बर्नी यांचा स्तन भुलेवाचून कापला जातो आहे. तोंडावर पातळ रुमाल, पोटात थोडं मद्य, आणि किंकाळ्या. त्या पुढे २८ वर्षं जगल्या.

म्हणजे भुलेनं घात केला? मुळीच नाही. दोघींचे आजार वेगळे, वयं वेगळी, आणि बर्नींची गाठ खरंच कर्करोगाची होती का, हेही आज कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. एकेकीच्या नशिबावरून भुलेचा हिशेब मांडता येत नाही. तरी प्रश्न खराच आहे. शस्त्रक्रियेच्या ताणानं शरीराची प्रतिकारशक्ती काही काळ मंदावते, आणि नेमक्या त्याच वेळी गाठीतल्या काही पेशी सुटून रक्तात जाऊ शकतात. मग भूल कोणती दिली यानं फरक पडेल का? जुन्या केसपेपरांवरून अनेकांना तसं वाटलं. २०१९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्तनाच्या कर्करोगाच्या २,१०० हून अधिक स्त्रियांच्या चाचणीचा निकाल आला: पाठीतला बधिर करणारा ब्लॉक आणि शिरेतून प्रोपोफॉल दिलं काय, किंवा सेव्होफ्ल्युरेन वायू आणि अफूवर्गीय वेदनाशामकं दिली काय, सुमारे दहा टक्के जणींचा कर्करोग दोन्हीकडे सारखाच उलटला.

पण प्रश्न तिथे संपला नाही. आता मुंबईत परळला या. टाटा मेमोरियल रुग्णालय, गेल्या दशकातली एक सकाळ. टेबलावरच्या बाईंना भूल चढली आहे. सुरी लावण्याआधी सर्जन लिग्नोकेनची सिरिंज घेतात, दातांच्या डॉक्टरकडे हिरडी बधिर करतात तेच औषध, आणि गाठीच्या सभोवार, वर आणि खाली, सहाही बाजूंनी टोचतात. मग हात आवरून सात ते दहा मिनिटं थांबतात. भरगच्च यादीच्या थिएटरात ही मिनिटं किती महाग असतात, ते तिथल्या सिस्टरांना विचारा. कर्करोगाच्या पेशींवर सोडियम आत सोडणाऱ्या वाटा असतात. त्यांचा पेशींच्या पसरण्याशी संबंध आहे आणि लिग्नोकेन त्या बंद करतं, ही यामागची कल्पना.

सर्जन डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली देशातल्या ११ केंद्रांत १,६०० स्त्रियांवर या सुईची चाचणी झाली. सुई कुणाला द्यायची, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं. २०२३ मध्ये निकाल छापून आला. पाच वर्षांनी सुई दिलेल्यांपैकी ९०.१ टक्के जिवंत, न दिलेल्यांपैकी ८६.४. कर्करोग न उलटता जगलेल्या ८६.६ विरुद्ध ८२.६ टक्के.

न दिलेल्यांना खोटी सुईही टोचली नव्हती, आणि इतर देशांत ही चाचणी पुन्हा व्हायला हवी, हे आक्षेप रास्त आहेत. तरीही मला ही सुई मोलाची वाटते. औषध जुनं, स्वस्त, पेटंट नसलेलं. त्यावर पैसा लावायला कुठलीही कंपनी सहसा येणार नाही. हा प्रश्न सरकारी रुग्णालयानं उचलला आणि तडीस नेला. तालुक्याच्या गावी स्तनाची गाठ काढणाऱ्या सर्जनलाही ही सुई उद्यापासून देता येईल.