लावलेले आणि मुरलेले

भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान करून गाणगापुरात ‘गुरुचरित्रा’चे पारायण करणाऱ्यांना औदुंबराची कथा ठाऊक असते. हिरण्यकश्यपूला फाडल्यावर नृसिंहाच्या नखांची आग होऊ लागली. लक्ष्मीने औदुंबराची फळे आणली, त्यांत नखे रोवताच दाह शमला. वनस्पती वरून लावली की गुण येतो, ही श्रद्धा आपल्याकडे अशी मुरलेली आहे. तो गुण केव्हा, कसा आणि किती येतो, हे शोधणारे शास्त्र म्हणजे या पुस्तकाचा विषय.

त्वचेचा सर्वांत वरचा मृत पेशींचा थर बहुतेक अंगावर जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर जाडीचा, पण खरी राखण तोच करतो. ५०० डाल्टनपेक्षा जड रेणू निरोगी त्वचेतून सहसा आत जात नाहीत, असा ठोकताळा बॉस आणि मायनार्डी यांनी २००० साली मांडला. हळदीतले कर्क्युमिन ३६८ डाल्टनचे. तरी ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून ते कशात कालवले आहे यावर पुष्कळ अवलंबून असते. शिवाय नवरीला लावलेली हळद आणि जखमेवर दाबलेली हळद यांचे हिशेब वेगळे, कारण जखमेत ही राखणच उरलेली नसते. औदुंबराच्या सालीतली बरीच टॅनिने जड असतात. ती वरच राहून प्रथिनांना बांधतात आणि तिथेच आपले काम करतात. उलट बावचीतले सोरालेन अवघे १८६ डाल्टनचे. ते सहज आत शिरते, आणि मग ऊन लागले तर कातडी भाजून फोड येतात. मुरले म्हणजे गुणकारी आणि न मुरले म्हणजे निरुपयोगी, असे समीकरण म्हणूनच मांडता येत नाही.

लेप लवेच्या उलट दिशेने लावावा म्हणजे तो रोमकूपांत शिरतो, आणि वाळू लागल्यावर तसाच ठेवू नये, असे सुश्रुताने सांगून ठेवले आहे. रोमकूपांची वाट आणि ओलसर त्वचेची वाढलेली पारगम्यता हे आजच्या प्रयोगशाळांचेही विषय आहेत. तिथे फ्रान्झच्या काचपात्रात त्वचेचा तुकडा दोन कप्प्यांच्या मधोमध बसवतात. वर मलम, खाली द्रव. ठरावीक वेळाने खालच्या द्रवाचा नमुना काढून त्यात किती द्रव्य उतरले ते मोजतात.

वैद्य, रसायनशास्त्राचे विद्यार्थी आणि घरी उटणे कालवणारे, सर्वांचे या अभ्यासात स्वागत आहे. कोणतेही मलम हाती घेताना तीन प्रश्न विचारावेत: द्रव्य कोणते, ते कशात मिसळले आहे, आणि ते कोणाच्या, कशा त्वचेवर लागणार आहे? डबीवर दहा वनस्पतींची नावे छापलेली असली, तरी या तिन्हींचे उत्तर त्या यादीत मिळत नाही. ते मिळवण्याची रीत पुढच्या प्रकरणांत आहे.